खिशातले तीन किटकॅट

पुराचं पाणी उतरून चार दिवस झाले होते.
बुर्लीच्या डीपीवर चिखलाची रेघ
माझ्या खांद्याइतकी उंच,
आणि पेटीच्या आत एक बेडूक,
निवांत, सगळी बिलं भरून बसल्यासारखा.

मुलाणीमामांनी तिन्ही किटकॅट उपसले,
बाहीला पुसले,
शर्टाच्या खिशात टाकले.
पेटीवर ठेवायचे नाहीत,
कुणाच्या हातात द्यायचे नाहीत,
सरपंच मागायला आला तरी नाहीत.
"गावाचा उजेड माझ्या खिशात हाय
तवरच तू खांबावर."
चिनीमाती चिनीमातीला लागून किणकिणली.
एवढाच त्यांचा आशीर्वाद.

खाली माणसं जमलेली.
गिरणीत ओलं दळण आंबलेलं,
कुणाची म्हातारी अंधारात पाय घसरून पडलेली.
"कवा येनार लाईट, मॅडम?"
मॅडम म्हणजे मी. नोकरीला आठ महिने,
हातमोजे पुरुषाच्या मापाचे,
बोटांच्या टोकाशी रिकामी जागा.
मागच्या गल्लीत काहीतरी धडधडत होतं.
पुरानंतर गावात सगळंच धडधडतं:
पंप, ट्रॅक्टर, छाती.
मी लक्ष दिलं नाही.

म्हटलं, मामा, वरचं स्विच पाडलंय,
फ्यूज तुमच्या खिशात,
तार मेलीय. चढू का?

ते तंबाखू मळत होते. अंगठा थांबला.
"मेली म्हनून कुनी सांगितलं?
डॉक्टर बी आधी नाडी बघतो."

मग अर्थिंगचा दांडा काढला.
वायरीचं एक टोक
ओल्या मातीत ठोकलेल्या सळईला आवळलं,
दुसऱ्या टोकाचा हुक वर नेला,
सावकाश,
छताची जळमटं काढावीत तसा.

फट्.

निळं, एवढंसं.
दुपारच्या उन्हात खालच्यांना दिसलंही नसेल.
आणि मागच्या गल्लीतली धडधड
थांबली.

धोंडिराम मंडपवाला पळत आला,
"जनरेटर का बंद पडला ओ?"
अख्ख्या गल्लीचे मोबाईल त्यानं चार्जिंगला घेतलेले,
फुकट, पुण्याचं काम.
जनरेटरची वायर खोचलेली घरातल्या सॉकेटात,
मेन स्विच तसाच चालू.
त्याच्या पुण्याईचा करंट
मीटरमधून उलटा चालत
खांबापर्यंत पोचला होता,
माझ्या आधी.

मामा ओरडले नाहीत.
त्याच्या घरी गेले, मेन पाडला,
वायर उपटली, गुंडाळली, त्याच्याच हातात दिली.
चहा झाला. दोन कप.
धोंडिराम अजून विचारत होता,
एवढ्याशा वायरीनं काय होतंय.
त्याच्या बायकोला मात्र कळलं होतं.
तिनं माझ्या चहात साखर दोनदा घातली
आणि बशी देताना
माझं मनगट क्षणभर धरून ठेवलं.

परत आलो. टेस्टर लावला, दांडा लावला,
या बाजूला आणि त्याही बाजूला,
पट्टा आवळला, मग चढले.
वरून कृष्णा दिसत होती,
आपल्या जागी परत गेलेली,
जणू ती गावात आलीच नव्हती.
माझे गुडघे लटपटत होते.
इथं लिहून ठेवते,
परमिटच्या वहीत त्याला रकाना नाही.

सहा वाजता किटकॅट खिशातून निघाले,
अंगाच्या उबेनं कोमट.
लाईट आली. गिरणी घरघरली.
पोरं ओरडली, मग आपापल्या मोबाईलकडे पळाली.
बेडूक तेवढा बाहेर काढायचा राहिला होता.
मामांनी तो आधीच काढला होता म्हणे,
मला दिसलं नाही.

आता किटकॅट माझ्या खिशात असतात.
घरी कुणी म्हणतं, अगं, बंदच आहे मिक्सर,
तरी मी प्लग काढते
आणि पातं पुसून होईपर्यंत
डाव्या हातात धरून ठेवते.
नवरा हसतो. हसू दे.

मामा मार्चमध्ये रिटायर झाले.
पलूसला गेले तेव्हा दोरीवर त्यांचे शर्ट वाळत होते,
खाकी, चार.
खैरूनमामी म्हणाली, कितीबी इस्त्री कर,
ह्यो डावा खिसा
खाली ओघळलेलाच.